चार पलंग आणि पिवळी कोठी

आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेस चार तास, तीच माणसं त्याच चार पलंगांवर आडवी पडली की किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप जमतात. मी काही ते लिहून ठेवले नव्हते. पण परवा इंदूरला सुदामा नगरच्या आमच्या घरी भाचा आला, त्याला एक सांगितला, त्यावरून दुसरा आठवला. शेवटी बायको म्हणाली, आता सगळेच सांगून टाका, अर्धवट ठेवू नका.

बायको म्हणजे शुभा. तिच्या किडन्या थकल्या, म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी डायलिसिस. मी विमा कंपनीतून रिटायर झालेला, त्यामुळे सोबत जाण्यापलीकडे मला काम नाही. शुभाला वाचनाचा भारी नाद. पण डाव्या हातात दोन सुया, तो हात हलवायचा नाही. हलला की मशीन बोंबलतं. उरलेल्या एका हाताने जाड पुस्तक धरायचं, पान उलटायचं, चष्मा सावरायचा, हे काही जमेना. तिसऱ्याच दिवशी तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

पुस्तक होतं 'पिवळ्या कोठीतले पाहुणे'. डोंगरावरची कोठी, मालक रावसाहेब, सुट्टीसाठी आलेले आठ पाहुणे, त्यांत एक मेजर आणि सतत पूजेत असणारी एक मामी. घाटात दरड कोसळून रस्ता बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी रावसाहेब अभ्यासिकेत मरून पडलेले सापडतात. तपास कोण करतो, तर कोठीतली घड्याळं दुरुस्त करायला आलेला आणि तिथेच अडकलेला एक म्हातारा घड्याळजी. सगळा मामला गमतीचा. रक्त कमी, नाश्ते जास्त.

मी वाचायला लागलो. आयुष्यात मोठ्याने काही वाचलं असेल तर ते ऑफिसच्या मीटिंगमध्ये. आठ-दहा पानं झाली, रावसाहेबांचा मृतदेह सापडला, आणि शुभा डोळे मिटूनच म्हणाली, "अहो, खून झालाय. तुम्ही पॉलिसीच्या अटी वाचताय."

कादंबरीवरचं हे पहिलं मत. म्हणजे तसं ते माझ्यावरचंच होतं.

*

शेजारच्या पलंगावर बेटम्याचे राठौरजी असत. लसणाचे व्यापारी, साठीच्या पुढचे. मराठी बोलत नाहीत, पण इंदूरच्या मंडीत जन्म गेल्यामुळे कळतं सगळं. पहिले दोन दिवस ते तोंडावर टॉवेल घेऊन पडून राहिले. मला वाटलं, यांना आपला त्रास होतोय, म्हणून मी आवाज बारीक केला. तर टॉवेलखालून आवाज आला, "भिया, जरा जोर से. मेजर ने क्या बोला, सुनाई नी दिया."

त्या दिवसापासून टॉवेल गेला आणि मतं सुरू झाली. रस्ता बंद असताना आठ माणसांना रोज दूध कुठून येतं, हा त्यांचा पहिला प्रश्न. लेखकाने कोठीत गाय दाखवलेली नाही. दुसरा आक्षेप असा, की एवढ्या मोठ्या घरात एकही माणूस कामधंद्याला जात नाही, मग डोक्यात खूनबिनच येणार.

खुनी ओळखायची त्यांची स्वतःची पद्धत होती. कोठीत रोज सकाळी पोहे होत. कोण काय बोलतं, कोण कुठे जातं, याकडे राठौरजींचं लक्षच नसे. ते फक्त नाश्त्याचं पान नीट ऐकत. शेवटी एकदा त्यांनी निकाल देऊन टाकला. "घर में मौत हुई, फिर भी सब दो-दो प्लेट खा रिये हैं. जो दूसरी बार पोहे नी ले रिया, वोई है खूनी."

*

समोरच्या पलंगावर महूचे गायकवाड सर. आजोबा फौजेत, वडील फौजेत, हे मात्र शाळेत गणित शिकवून रिटायर झाले. त्यांना खुनी कोण यात फारसा रस नव्हता. हिशेब जुळतो की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं. दुसऱ्या प्रकरणात जिन्याला चौदा पायऱ्या आहेत आणि सातव्यात मेजर सतरा पायऱ्या उतरतो, हे त्यांनी मला वाचन थांबवून सांगितलं. मी म्हटलं, छपाईची चूक असेल. ते म्हणाले, छपाईची चूक पायऱ्या बांधत नाही.

मग त्यांनी कोठीचा नकाशाच काढायला घेतला. कागद हाताशी एकच, त्यांचा स्वतःचा रक्ततपासणीचा रिपोर्ट. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर खोल्या, जिना, अभ्यासिका, आणि प्रत्येक पात्राची वेळ. पात्रांमध्ये एक डॉक्टरही होता.

राउंडला आमचे तरुण डॉक्टर आले आणि त्यांनी रिपोर्ट उचलला. नेमकी मागची बाजू वर होती. त्यांनी वाचलं. एका खोलीत फुली, शेजारी 'बॉडी इथे'. त्याखाली दोन रेघा ओढून, 'डॉक्टर ९.१० ते ९.३५ कुठे होते?'

डॉक्टरांनी कागद उलटा करून पुढची बाजू वाचली. पुन्हा मागची वाचली. मग अगदी नम्रपणे म्हणाले, "सर, मैं तो ओपीडी में था."

*

आमची टेक्निशियन ज्योती मानपूरची. मशीन लावणं, सुया लावणं, सगळं तिच्याकडे, आणि हात इतका हलका की सुई गेलेली कळत नसे. कादंबरी तिलाही आवडायची, पण सलग कधी ऐकायला मिळायची नाही. दोन वाक्यं ऐकली की कुठलं तरी मशीन ओरडायचं. परत येईपर्यंत चार पानं पुढे गेलेली असायची. मधलं ती आपल्या मनाने भरून घ्यायची.

हे आम्हाला माहीत नव्हतं. एके दिवशी लिफ्टपाशी एका अनोळखी आजींनी मला अडवलं. तुम्हीच का ते पुस्तक वाचणारे, असं विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाल्या, "तो शादी हुई के नी?"

कुणाचं लग्न, मी विचारलं.

"घड़ीवाले की. मेजर की लड़की से."

आमच्या पुस्तकातल्या घड्याळजीला तीन नातवंडं होती. मेजर तर अविवाहित होता. मग उलगडा झाला. त्या आजी सकाळच्या शिफ्टच्या. ज्योती त्या चौघांना रोज सकाळी आमच्या कादंबरीचा आदल्या खेपेचा भाग सांगायची, तिला ऐकू आला तसा. तिकडे रावसाहेबही मेलेले नव्हते, नुसते बेशुद्ध होते, आणि शुद्धीवर येऊन लग्नाला परवानगी देणार होते.

मी ज्योतीला विचारलं, तर ती लाजली. शुभाने मात्र सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ती कादंबरी जास्त चांगली आहे हो. आपण सकाळची शिफ्ट मागून घेऊ या का?"

*

आता राठौरजींचं सांगतो, कारण ते नुसतं हसण्यासारखं नव्हतं. लसणाची आवक वाढली की ते डायलिसिसला दांडी मारत. तीनातला एक दिवस तर हमखास बुडवत. अंगात पाणी साठायचं, दम लागायचा. दोनदा रात्रभर ऑक्सिजनवर ठेवावं लागलं होतं. डॉक्टर रागावून थकले, मुलगा हात जोडून थकला.

एका शुक्रवारी ते आलेच नाहीत. मी पुस्तक उघडलं आणि माझा फोन वाजला. राठौरजी मंडीतून बोलत होते. आज येणं होत नाही, पण आपण फोन स्पीकरवर ठेवून वाचा, मी इथून ऐकतो, असं त्यांचं म्हणणं. आदल्या खेपेला घड्याळजी अभ्यासिकेचं दार उघडणार तिथेच मी थांबलो होतो. मी फोन उशाशी ठेवणार, तेवढ्यात शुभाने मोकळा हात पुढे केला आणि फोन घेतला.

"राठौरजी, फोनवर नाही. इथे या, मग ऐका."

त्यांनी बरीच समजूत घातली. ट्रक उभा आहे म्हणाले, माणसं ताटकळली आहेत म्हणाले. शुभाने सगळं ऐकलं आणि फोन बंद केला. मग मला म्हणाली, पुस्तक मिटा. आज कुणालाच नाही.

गायकवाड सरांना हे अजिबात पटलं नाही. एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्या वर्गाला का, असं ते म्हणाले. खरं तर मलाही दारापलीकडे काय आहे ते वाचायचं होतं. पण शुभाने डोळे मिटून घेतले होते आणि ती डोळे मिटते तेव्हा विषय संपलेला असतो.

दीड तासाने दार ढकलून राठौरजी आत आले. खांद्यावर लसणाची सालं तशीच. थेट वजनकाट्यावर उभे राहिले, पलंगावर जाऊन आडवे झाले, ज्योतीपुढे हात केला. सुया लागल्यावर छताकडे बघत मला म्हणाले, "भाभीजी से बोल दो, मैं किताब के लिए आया हूँ. डायलिसिस के लिए नी."

शुभाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाली, वाचा.

तेव्हापासून कुठे थांबायचं हे तीच ठरवू लागली. आणि तिने मला शपथ घातली, की घरी एकट्याने पुढचं पान उघडायचं नाही. सगळ्यांना एकदमच कळलं पाहिजे.

*

चौथ्या पलंगावर शितोळे काकू. वय ऐंशीला टेकलेलं, डोक्यावर पदर, उशीचा अभ्रा घरून आणायच्या. त्यांच्या सासरचे पूर्वज दरबारच्या घोडदळात होते. अशा कोठ्यांमध्ये त्या लहानपणी वावरल्या होत्या, म्हणून त्यांचं मत आम्ही सगळे मानत असू. लेखकाला काही कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. "खानदानी माणूस घरात पाहुणे असताना मरत नाही. थांबतो."

शेवटची तीन प्रकरणं राहिली होती तेव्हाची गोष्ट. वाचता वाचता काकूंचं मशीन वाजलं. ज्योती धावली. बी.पी. एकदम खाली गेलं होतं, श्वास पुरत नव्हता. तिने मशीन थांबवलं, डॉक्टरांना बोलावलं, वरच्या मजल्यावरच्या आयसीयूतून स्ट्रेचर मागवलं. काकूंचे ओठ पांढरे पडले होते. शुभा, राठौरजी, सर, तिघंही आपापल्या मशीनला बांधलेले. उठू शकणारा मी एकटा. पण काय करायचं ते कळेना. मी पुस्तकात बोट तसंच ठेवून त्यांच्या उशाशी जाऊन उभा राहिलो.

काकूंनी बोटाने जवळ बोलावलं. मी वाकलो.

"खुनी कोण, तेवढं सांगा."

मला शपथ होती. पण ती मी आधीच मोडलेली होती. एका सकाळी शुभा झोपलेली असताना गॅलरीत बसून मी शेवटची पानं वाचली होती. मी त्यांच्या कानाशी गेलो आणि म्हणालो, "मामी."

त्यांनी डोळे उघडले. "कोण, ती पूजा करणारी?"

"हो. सरबतातून."

"अगबाई. माझा तिच्यावर संशयच नव्हता हो," काकू म्हणाल्या. तेवढ्यात स्ट्रेचर आलं.

पुढचे तीन आठवडे कुणी पुस्तकाचं नाव काढलं नाही. पिशवीतून ते मी रोज न्यायचो आणि परत आणायचो. काकूंच्या पलंगावर एक मुलगी यायची, ती कानाला इअरफोन लावून झोपायची. राठौरजी एकही दिवस न चुकता येत होते. येताना लिफ्टपाशी थांबून वरच्या मजल्यावरची चौकशी करत, आणि आत आल्यावर फक्त मान हलवत.

मग एका सोमवारी काकू व्हीलचेअरवरून आल्या. अर्ध्या झालेल्या, पण पदर जागेवर. अभ्रा घालून होईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, किती राहिलंय? सर म्हणाले, तीन प्रकरणं, तुमच्यासाठी थांबलोय.

त्या आठवड्यात आम्ही कादंबरी संपवली. शुक्रवारी मामीचं नाव आलं तेव्हा राठौरजींनी मोकळ्या हाताने पलंगाच्या कठड्यावर थाप मारली. सर नकाशा काढून बघायला लागले. शुभा इतकी हसली की तिचं मशीन वाजलं. काकू डोळे मिटून शांत पडल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत होतो. हे आम्हा दोघांनाच आधीपासून ठाऊक होतं.

सहा वाजता काकूंची सून न्यायला आली. माझ्या हातातलं पुस्तक बघून म्हणाली, "अय्या, हेच चाललं होतं का इतके दिवस? हे तर आमच्या घरी आहे. आईंनी तीनदा वाचलंय."

 सरांनी पेन खाली ठेवलं. काकू चपलांमध्ये पाय सरकवत होत्या.

मी व्हीलचेअरमागून दारापर्यंत गेलो. तिथे वाकून हळूच विचारलं, मग त्या दिवशी मला कशाला विचारलंत?

काकूंनी पदर नीट केला.

"तुम्ही नुसते उभे होतात," त्या म्हणाल्या, आणि सुनेला खुर्ची पुढे घ्यायला सांगितलं.