जेलीफिशची साखर

चूक तुमची आहे. संशोधन करायचं तर पुण्याला जा, गोंदियात काही होत नाही, हे मला दहावीपासून कोण ऐकवत होतं? तुम्हीच ना, मामा! म्हणून मी इरेला पेटले. आता चहा घ्या आणि मी काय दिवे लावले ते ऐका. चिडायचंही त्राण उरलेलं नाही माझ्यात.

तर, कोलॅजन. आपली कातडी, हाडं धरून ठेवणारं प्रथिन. त्याला साखरेचे रेणू चिकटलेले असतात, आणि जेलीफिशसारख्या समुद्रातल्या बिनकण्याच्या जिवांत ते आपल्यापेक्षा बरेच जास्त. किती, ते मला मोजायचं होतं. मालवणच्या मैत्रिणीने वाळवलेली जेलीफिश पाठवली. नागपूर विद्यापीठात पीएचडीच्या गाईड असलेल्या मॅडम म्हणाल्या होत्या, "काम दाखव. पटलं तर पीएचडी गोंदियात राहूनच कर."

इथल्याच कॉलेजच्या लॅबमध्ये सुरू केलं: नळीत नमुना, त्यात फिनॉल, वरून सल्फ्युरिक ॲसिड. साखर असेल तर केशरी रंग येतो. माझी नळी? अगदी संत्रं! नमुना पाणी घालून पातळ केला, तरी तेवढीच केशरी. आणखी पातळ केला, तेवढीच! शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मला वाटलं, काय ही जेलीफिश!

कॉलेजच्या प्राचार्यांना सांगितलं. "बेटी, कमाल कर दी!" म्हणत त्यांनी गावभर केलं. मॅडम यायच्या दिवशी शाल-नारळ हजर. बाबासुद्धा धानाच्या बांधीतून उठून, इस्त्रीचा सदरा घालून आले.

मॅडमनी नळ्या बघितल्या. "साध्या पाण्याची नळी कुठे आहे?"

"पाण्यात काय असणार, मॅडम?"

"कर तर खरं."

केली. पाणी केशरी झालं. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या!

मॅडमनी टेबलावरून बोट फिरवलं. पांढरं झालं. मग खिडकीकडे बघितलं. बाहेर राइस मिल धुरळा उडवत होती, आणि खिडकीत माझ्या धुतलेल्या नळ्या आ वासून वाळत होत्या.

"हा तांदळाचा स्टार्च आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "इतके दिवस तू मिलचं पीठ मोजत होतीस."

"आणि पीएचडी?"

"नागपूरला ये. माझ्या लॅबशेजारी मिल नाही."

परतताना बाबा माझ्या स्कूटीवर मागे बसले होते. कुडवा गाव आलं तसे हळूच म्हणाले, "माय, तांदूळच मोजाचे होते, त घरी का कमी होते?"