परक्याचं सुतक

माझ्या मुलीला शाळेत असतानाच साखरेचा आजार झाला. चाळीतल्या बायका बोलायच्या, एवढ्याशा पोरीला साखर कशी, गोड फार देता काय. गोड कुठून देणार. तिच्या बापाची गिरणी बंद पडलेली, मी लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं काढायला जायची. डॉक्टर बोलले, पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं, ते साखर जिरवायचं काम करतं, हिचं करत नाय. तेव्हापासून रोज सुई. आधी मी टोचायची, मग तीच टोचून घ्यायला लागली.

गणपतीत आम्ही शिवडीला माझ्या मोठ्या जावेकडे जायचो. मोदक मीच करायची. मुलगी माझ्या बाजूला बसून बिनसारणाची एक पारी मागायची, नुसती उकडलेली. "वरचं कव्हर माझं, आतला माल तुमचा," बोलायची आणि मीठ लावून खायची. तिची साखर कधीकधी एकदम खाली जायची, घाम सुटायचा, डोळे फिरायचे. तेव्हा मी तिच्या तोंडात साखर घालायची. गोड तिने तेवढंच खाल्लं, औषध म्हणून.

तिशी ओलांडली आणि तिची मूत्रपिंडं गेली. बाप तोवर गेलेला. तिची नोकरी सुटली. एक दिवसाआड परळच्या इस्पितळात मशीनवर रक्त धुवायचं. त्यात साखर खाली गेली तरी तिला आता कळेनासं झालं. बोलता बोलता गप्प व्हायची. मी रात्री तिच्या कपाळाला हात लावून बघायची.

मग तिथल्या डॉक्टरीणबाई बोलल्या, मूत्रपिंड आणि स्वादुपिंड दोन्ही एकदम बसवता येतं. सुई पण सुटेल, मशीन पण सुटेल.

मी बोलले, "माझं घ्या की."

"आजी, तुमचं नाही चालणार. मेंदू मेलेला पण हृदय चालू असलेला माणूस लागतो. त्याच्या घरच्यांनी द्यायला पाहिजे."

मला वाटलं, मग काय, कुणाचं तरी मिळेल. तर तसं नसतं. माणूस तरुण हवा. जाडा नको, दारूवाला नको, साखरवाला नको. रक्त जुळायला हवं. काढल्यावर बर्फात फार वेळ ठेवून चालत नाय. आणि हे सगळं कागदावर बरोबर असलं तरी शेवटी मोठे डॉक्टर पोट उघडून डोळ्यांनी बघतात, हाताने चाचपतात, तेव्हा ठरतं. मला ते समजलं. मिरची पण वरून लाल असते, मोडली की आत बुरशी.

मी विचारलं, बसवल्यावर टिकेल ना. बाईंनी शंभरातल्या किती जणांचं टिकतं ते सांगितलं. मी तो आकडा लक्षात ठेवला नाय. माझी एकच आहे, शंभर नायत.

यादीत नाव लागलं. वाट बघायची. मुलगी बोलायची, "आये, कसलं वाईट आहे बघ. कोणी तरणाताठा मरायला पाहिजे म्हणून आपण फोनकडे बघत बसलोय."

"आपण कोणाला मार असं नाय म्हणत."

"नाही. मेला तर आमच्याकडे पाठवा, एवढंच म्हणतोय."

फोन आला तो श्रावण संपता संपता, भर दुपारी. पोटात काही घालू नको, लगेच ये. टॅक्सीत ती माझा हात धरून बसली. बोलली, "बरं झालं ना, तर गणपतीत पहिला मोदक माझा. सारणासकट. कोणाला हात लावू देणार नाही."

तिथे रक्त घेतलं, कपडे बदलले, कानातलं काढून माझ्याकडे दिलं. मी ते पदराच्या टोकाला बांधलं. डॉक्टरीणबाई येऊन जाऊन होत्या. एवढंच कळलं की मोटारसायकलवरनं पडलेला एक मुलगा आहे, त्याच्या आईबापांनी हो म्हटलं. मी पुढे विचारलं नाय. सांगत पण नायत.

संध्याकाळी बाई आल्या आणि माझ्या शेजारी बाकावर बसल्या. त्या बसल्या तेव्हाच मला कळलं.

"आजी, नाही घेता येणार. रिपोर्ट चांगले होते. पण सरांनी हातात घेऊन बघितलं, आत चरबी भरलेली आहे, कडक लागतंय. बसवलं तर सूज येते, रक्ताची गुठळी होते, मग परत पोट उघडून काढावं लागतं. तिला ते झेपणार नाही."

मुलगी खाटेवरनं बोलली, "मॅडम, मूत्रपिंड तरी?"

"ते ज्यांचा नंबर पुढे आहे त्यांना जाईल."

"बरं," ती बोलली. मग मला बोलली, "आये, माझं कानातलं दे."

घरी आलो. मी आधी डोक्यावरनं आंघोळ केली. देवाला दिवा लावला नाय. मुलीने दुसऱ्या दिवशी पण देव्हारा तसाच बघितला आणि विचारलं, "हे काय?"

"सुतक आहे."

"कोणाचं?"

"त्या मुलाचं."

"आये, तो आपला कोण?"

"तुझ्या पोटात राहायला येणार होता. त्याच्या आईने पाठवला होता. आपल्याकडे जागा झाली नाय, हे वेगळं."

तिने पण त्या दिवसांत केस धुतले नायत.

त्यातच गणपती आले. मी जावेला निरोप दिला, आम्हाला सुतक आहे, मूर्तीला शिवायचं नाय, मोदक तुम्ही करा. ती तडक घरी आली. दारातनंच सुरू.

"खयच्या कोणाचा सुतक पाळतंस गो? आपल्या भावकीतलो होतो तो? नाव तरी म्हायत हा त्याचा?"

"नाय."

"आणि त्याचा पिंड तुझ्या पोरीक बसवलो पण नाय. घरच्या गणपतीक सोडून हे थेर. लोक हसतीत."

मुलगी आतनं बोलली, "काकी, हसू देत. तुम्ही मोदक करा, कव्हर माझ्यासाठी ठेवा."

जाव रागाने निघून गेली. पण विसर्जनानंतर डब्यातनं बिनसारणाच्या पाऱ्या आल्या. जाड झालेल्या. मुलीने मीठ लावून खाल्ल्या.

फोन परत आला नाय. होळीच्या आधी, मशीनवर असतानाच तिचं हृदय बंद पडलं. मी बाहेर बाकावर होते.

त्या डॉक्टरीणबाई धावत आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "हिचं काय कोणाला देता येईल?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आजी, आतलं काही नाही घेता येणार. डोळ्यांचं बघतो."

मी परत त्याच बाकावर बसले. आधी बसले होते तेव्हा परक्याच्या पोराचं निवडणं चालू होतं. आता माझ्या पोरीचं. शाळेपासून सगळं नापासच होत गेलं तिचं, शरीरातलं. मला वाटत होतं, एवढं तरी चांगलं निघू दे.

बाई येऊन बोलल्या, "मागचा पडदा साखरेने खराब झालाय. पण वरची काच चांगली आहे. चालेल." मी अंगठा दिला.

लग्न न झालेली मुलगी, म्हणून आता जावेला पण सुतक. ती माझ्याकडेच राहायला आली. पिठलं, भाकरी, चटईवर झोपायचं. एकदा भाकरी मोडता मोडता बोलली, "ज्येंका डोळे दिले, त्येंच्या घराक आज गोडधोड केल्यानी आसतीत. त्येंका काय म्हायत तुझ्या चेडवाचा."

"करू देत गोड," मी बोलले. "तिने कधी खाल्लं नाय."

जावेने भाकरी ताटात ठेवली आणि तोंडाला पदर लावला. मी तिला पाणी दिलं.