वस्फीचा लोहचुंबक

जॉर्डनमधल्या इरबिद शहरात, गॅरेजांच्या आळीत वस्फीचा आवाज आधी यायचा आणि वस्फी मागाहून. छप्पन वर्षांचा ठेंगणा गडी, पण गाडीखाली शिरला तरी येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर तिथूनच घ्यायचा. हाताला मात्र यश होतं. अजलूनच्या डोंगरातली माणसं ब्रेकचं काम दुसऱ्या कोणाला देत नसत, आणि ही गोष्ट वस्फीला जरा जास्तच ठाऊक होती.

टापटिपीचं त्याला वेड. कुठल्याशा लग्नाच्या हॉलमधल्या फुटक्या लाउडस्पीकरचा जाडजूड लोहचुंबक त्याने भिंतीवर ठोकून ठेवला होता. खोक्यातून निघालेली प्रत्येक लोखंडी वस्तू आधी त्या चुंबकावर जायची, मग वस्फी हात धुणार, चहा घेणार आणि कामाला लागणार. "बाकीच्यांकडे नट शोधायला माणसं रांगतात," तो म्हणायचा, "माझ्याकडे सगळं भिंतीवर, डोळ्यांसमोर."

इब्तिहाल नावाची सुईण त्याच्याकडे वीस वर्षांची जुनी गाडी घेऊन आली ती डाव्या पुढच्या चाकाच्या घरघरीसाठी. वस्फीने बेअरिंग बदललं. घरघर गेली आणि दुसऱ्याच दिवशी बाई परत दारात.

"अबू सुहैब," मुलाच्या नावावरून 'सुहैबचा बाप' अशी वस्फीला हाक मारत ती म्हणाली, "चाक गप्प झालं, पण आता समोर पिवळा दिवा लागलाय. एबीएसचा. आणि गाडी थांबत आली की ब्रेक पायाखाली थरथरतो, भुताने धरल्यासारखा."

एबीएस म्हणजे निसरड्यावर जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकून गाडी घसरू नये, याची सोय. डोंगरउतारावर, पावसात, कोणाच्या तरी बाळंतपणाला धावणाऱ्या बाईला ती हवीच.

वस्फी शिस्तीने कामाला लागला. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर काढून पुसला, दिवा तसाच. डावा सेन्सर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला. दोष डावीकडेच राहिला, म्हणजे सेन्सर निर्दोष. वायर टोकापासून टोकापर्यंत तपासली, धडधाकट. उरलं काय? नवीन बेअरिंग. त्याच्या एका कडेला चुंबकाची बारीक पट्टी असते आणि सेन्सर तीच वाचतो. वस्फीने तसलंच दुसरं आणून बसवलं. दिवा पुन्हा हजर.

ही दोन्ही बेअरिंगं नायफच्या दुकानातली. आळीच्या तोंडाशी सुट्या भागांचं दुकान असलेला नायफ वस्फीचा बावीस वर्षांचा दोस्त. रोज दुपारी तो गॅरेजमध्ये यायचा आणि तेलाच्या पिंपावर दोघांचा सोंगट्यांचा डाव रंगायचा. पण वस्फीचं डोकं फिरलं की दोस्ती-बिस्ती त्याला दिसत नसे. तो तडक दुकानात गेला आणि पाच गिऱ्हाइकांच्या देखत त्याने बेअरिंग काउंटरवर आदळलं.

"नकली माल विकायला लागलास? पट्टीच नाही याच्यात! उद्या ती बाई दरीत गेली तर कोण जबाबदार? तुझा बाप दुकानात असता तर लाजेने मान खाली घातली असती!"

नायफ एरवी शब्दाला शब्द देणारा. त्या दिवशी त्याने बेअरिंग उचललं, उलटसुलट पाहिलं आणि एवढंच विचारलं, "तू नीट तपासलंस?"

"मी? मला विचारतोस?"

"बरं," नायफ म्हणाला आणि आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नायफ आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वस्फी पिंपावर एकटाच चहा प्यायचा आणि शेजाऱ्यांना मोठ्याने सांगायचा की चोराशी कोण खेळतो. चहा मात्र त्याला गोड लागत नव्हता.

नायफचं नाक कापायचंच, म्हणून त्याने गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून महागातली दोन बेअरिंगं आणली; एक लागेल, एक हाताशी राहील. एक खोक्यातून काढलं, भिंतीवर लावलं, हात धुतले, चहा घेतला आणि बसवलं. इब्तिहालने गाडी आळीच्या टोकापर्यंत नेली आणि वळून आली.

"लागला दिवा," ती म्हणाली. "आता काय, अख्खं इरबिद नकली झालं?"

वस्फीने ते बेअरिंग परत काढलं. दुसरं खोक्यातलं शेजारी ठेवलं, दोन्हींवर कागद घातला आणि ग्राइंडरखालचा लोखंडाचा भुगा वरून भुरभुरवला. खोक्यातल्या बेअरिंगवर भुग्याच्या सारख्या, बारीक रेघा उठल्या, कंगव्याच्या दातांसारख्या. काढलेल्यावर नुसता एक ओबडधोबड पुंजका.

"दोन्ही एकाच दुकानातली ना?" इब्तिहाल म्हणाली. "मग याला झालं काय? कुठे ठेवलं होतंत?"

वस्फीने भिंतीकडे पाहिलं. त्या राक्षसी चुंबकाने बेअरिंगवरची पट्टी पुसून टाकली होती. याची, आणि नायफच्या दोन्हींचीही.

त्याने खोक्यातलं बेअरिंग सरळ हातातून चाकात बसवलं. दोघं उतारावरच्या खडीत गेली आणि इब्तिहालने कचकन ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. दिवा विझलेला.

"अभिनंदन, सुखरूप सुटका," इब्तिहाल हसली. "आता नायफकडे जा. बाळंतीण असो की कारागीर, अडून बसलं की कळा वाढतात."

वस्फी गेला. आळीतून जाताना पहिल्यांदाच तो गप्प होता, त्यामुळे लोक दारात येऊन पाहू लागले. दुकानात आजही गिऱ्हाइकं होती. नायफने काही न बोलता कॉफीचा पेला पुढे केला. दारात आलेल्याला तेवढं करावंच लागतं. वस्फीने पेला घेतला आणि न पिता काउंटरवर ठेवला.

दुकान चिडीचूप झालं. मुलीला मागणी घालायला किंवा खून माफ करून घ्यायला आलेली माणसं असा पेला ठेवतात. मागणं मान्य झाल्याशिवाय त्याला ओठ लागत नाहीत.

"माल चोख होता," वस्फी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "माझ्या भिंतीवरच्या चुंबकाने तो बिघडवला. गाढव मी, आणि चोर तुला म्हणालो. माफ कर. नाहीतर ही कॉफी इथेच वाळू दे."

 नायफ कपाळाला हात लावून मटकन स्टुलावर बसला.

"चाळीस बेअरिंगं परत पाठवली मी," तो म्हणाला. "अम्मानच्या व्यापाऱ्याला. माझ्या बापाच्या वेळचा माणूस. पोराबाळांची शपथ घेत होता बिचारा, माल अस्सल आहे म्हणून. मी त्याला म्हटलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस."

"पण का?" वस्फी ओरडला. "त्या दिवशी तू उलट शब्द काढला नाहीस! मला वाटलं, माझ्यावर रागावलास!"

"रागावलो कशाला? मला लाज वाटत होती. माझ्या दुकानातून तुझ्या हातात नकली माल गेला म्हणून. तोंड कसं दाखवू, म्हणून येत नव्हतो."

ज्याला वस्फीने चारचौघांत चोर ठरवलं, त्याने स्वतःच्या मालाऐवजी वस्फीच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. वस्फीचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत.

"पी आता, निवली," नायफ म्हणाला. "उद्या सकाळी अम्मानला जायचंय. तिथे पेला आपण दोघांनी ठेवायचा."

"आणि बोलायचं कोणी?"

"तूच. 'गाढव मी' तुला छान जमतं."