बायकोच्या कादंबरीतला व्यापारी

माझ्या बायकोनं मला फसवलं. सोबतीला गडचिरोलीच्या मंदाताई होत्या. दोघींनी मिळून फसवलं, चहा पाजून फसवलं, आणि माझ्याच तोंडातून माल काढून घेऊन फसवलं. इतकी वर्षं बाजारात बसलेल्या माणसाला हे सांगायची लाज वाटते. पण लोक पुस्तक वाचून आपोआप ओळखतातच, तेव्हा म्हटलं आपणच आधी सांगावं.

मी अहेरीचा. चारोळी, हिरडा, मोहफूल विकत घेतो. बापानं मला उपदेशाशिवाय काहीही दिलं नाही. एक पोतं आणि उसना तराजू घेऊन आठवडी बाजारात बसलो, आज स्वतःचं गोदाम आहे. मी चटकन तापतो, हे मला मान्य आहे. (नाही म्हणणाऱ्याशी मी भांडतो.)

सुनंदा, माझी बायको, सात वर्षं काहीतरी लिहीत होती. मला वाटायचं माहेरी पत्रं लिहिते. माहेर चार कोसांवर, रोज फोन होतो, तरी नऊ वह्यांची पत्रं कशाला, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. यावरून माझी हुशारी किती ते समजा! एक दिवस पोस्टमननं जाडजूड पाकीट आणून दिलं. सुनंदानं ते उघडलं, आतलं पत्र वाचलं आणि चुलीसमोर जाऊन बसली.

"काय झालं?"

"कादंबरी वापस आली. दुसऱ्यांदा."

"कोनाची कादंबरी?"

"माझीच, आनखी कोनाची! गडचिरोलीले मंदाताईचं शिबिर हाय, तिथी एकदा दाखवतो. त्यायनं बी नाई म्हटलं, तं ह्या वह्या चुलीत टाकतो अन् पुन्हा पेन हाती धरत नाई."

बाई हे रागानं म्हणाली असती तर मी दुर्लक्ष केलं असतं. ती शांतपणे म्हणाली. सात वर्षांचा माल असा चुलीत? धंद्यात बसणारा माणूस हे पाहूच शकत नाही. मी म्हटलं, "मी येतो संगं. बोलणी मी करतो."

"तिथी बोलणी नसते जी, शिकवतेत."

"जिथी दोन मानसं बसतेत, तिथी बोलणी असतेच!"

एसटीत मी कादंबरीची चौकशी केली. (वाचायचा प्रश्न नव्हता. मी बाजारभावाच्या पाटीशिवाय काही वाचत नाही.) सुनंदा म्हणाली, जंगलात चारोळी वेचणाऱ्या एका म्हातारीची गोष्ट आहे. "अन् एक व्यापारी हाय त्याच्यात. बाजारातला. लबाड हाय थोडा." मला आनंदाचं भरतं आलं! बाजारात माझ्या बरोब्बर समोर बसणारा एक व्यापारी आहे, मी त्याला नुसतं ‘समोरचा’ म्हणतो. वीस वर्षांपासून माझी गिऱ्हाइकं फोडतो. सुनंदानं त्याला पुस्तकात पकडला होता! वाटेत आष्टी येईपर्यंत मला बायकोचा इतका अभिमान वाटला की मी तिला खिडकीची जागा दिली.

मंदाताई म्हणजे बारीक चणीची, पांढऱ्या केसांची बाई. जन्मभर एका प्रकाशनात मुद्रितं तपासली, आता नव्या लिहिणाऱ्यांना हाताशी धरतात. कोणाचं लिखाण कुठं लंगडतं ते सांगतात, कोणत्या प्रकाशकाकडे काय पाठवायचं ते सांगतात, करार वाचून देतात. शिबिरातली एक पोरगी उत्साहानं सांगत होती, अमुक एकजण पैसे घेऊन पुस्तक काढून देतो. ताई म्हणाल्या, "लेखकाकडून पैसे घेते तो छापखाना, प्रकाशक नाई. लग्नात नवरीनंच बँडवाल्याले पैसे द्यायचे का?" बाईची नजर पक्की आहे, हे मी तिथंच ओळखलं.

ताईंनी सुनंदाच्या वह्या आठ दिवस आधीच मागवून वाचल्या होत्या. आम्ही समोर बसलो. त्यांनी एक वही हातात घेऊन तोलली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, माल चांगला हाय. पण ओला हाय. वाळवा लागंल."

मी गारच झालो. हे वाक्य माझं आहे! हजारो लोकांना मी ते ऐकवलंय, पण मला ऐकवणारं माणूस पहिल्यांदा भेटलं.

"म्हंजे?"

"सुरवातीची तीस पानं नुसतं जंगल हाय. गोष्ट एकतिसाव्या पानावर चालू होते. तीस पानं काढा. अन् हा व्यापारी पोकळ हाय. मिशीवर ताव देते, हसते, लुबाडते. असा मानूस नसते. त्याले जिवंत करा, नाईतं पुरा काढून टाका."

"काढून टाका?" मी उभाच राहिलो. माझ्या डोळ्यांपुढे समोरचा निसटून चालला होता! "ताई, जंगल काढा, नदी काढा, म्हातारी काढा, पण व्यापारी राह्यला पायजे!"

"म्हातारी कशी काढू जी, तिचीच तं गोष्ट हाय!" सुनंदा म्हणाली.

मग सौदा सुरू झाला. ताईंच्या अटी तीन. पहिली, तीस पानं जातील. मी वीसवर अडलो. शेवटी सव्वीसवर जमलं. (कोणती चार पानं वाचली ते मला आजही माहीत नाही, पण वाचवली मी.) दुसरी, व्यापारी खरा कसा वागतो ते मी सुनंदाला सगळं सांगायचं. यात काय, आनंदानं! तिसरी, शेवट सुनंदा नव्यानं लिहील आणि मी त्यात पडायचं नाही. आता माझी एक रीत आहे. सौदा बसवायचा असला की शेवटची एक गोष्ट, ती काय आहे हे न पाहताच, देऊन टाकायची. सौदा करणारा खूश होऊन घरी जातो, आणि आपल्याला जे हवं ते आधीच मिळालेलं असतं. मी ऐटीत म्हटलं, "घ्या, तिसरी तुमची!"

ताईंनी माझा हात हातात घेऊन सौदा पक्का केला. बाई हसली. मला तेव्हाच समजायला हवं होतं. सौद्याच्या शेवटी दुसरा माणूस हसला, तर आपण गेलो.

त्यानंतर दोन दिवस त्या दोघींनी मला चहा पाजला आणि मी बोलत सुटलो. "हा समोरचा काय करते मालूम हाय का?" अशी सुरुवात करायची आणि माझी एकेक कला सांगायची, करून दाखवायची! माल पाहण्याआधी बाईच्या सुनेची तारीफ करायची. मग मूठभर चारोळी उचलायची, एक दाणा दातात फोडायचा आणि तोंड असं करायचं जणू घरी मयत झाली. आपण सकाळी सावलीकडची जागा धरायची, म्हणजे विकणारीच्या डोळ्यावर ऊन येतं आणि तिला घाई होते. आणि सगळ्यात मोठी कला म्हणजे चूप बसणं. तिनं भाव सांगितला की हूं नाही की चूं नाही. मान खाली घालून तराजूकडे पाहत राहायचं. थोड्या वेळानं ती आपणहून भाव उतरवते.

"आनखी चूप बसलं तं?" ताईंनी विचारलं.

"आनखी उतरवते."

ताई सुनंदाकडे पाहून म्हणाल्या, "हे लिही."

मग त्यांनी विचारलं, "भाऊ, ह्या मानसाची एखादी चांगली सवय सांगा. नुस्ता वाईट मानूस वाचकाले पटत नाई." मी म्हटलं, समोरच्यात चांगलं काहीच नाही! तेवढ्यात सुनंदा हळूच म्हणाली, "माल घेतल्यावर तो म्हाताऱ्या बायांच्या पदरात मूठभर मीठ टाकते. अन् कोनी पाह्यलं तं त्याले लाज वाटते."

"तो काऊन टाकंल मीठ? मीठ तं मी..." इथं मी थांबायला हवं होतं. थांबून विचार करायला हवा होता. मी म्हटलं, "बरं, टाक बापा. गोष्टच हाय."

सुनंदानं सगळं पुन्हा लिहिलं. मंदाताईंनी ते तीनदा परत पाठवलं, तिनं तीनदा दुरुस्त केलं. सात वर्षं कोणी पाहत नसताना लिहिणारी, आणि कोणी चूक दाखवली तर न रुसता पुन्हा पहिल्या ओळीपासून बसणारी ही बाई माझ्या घरात भाकरी थापत होती, आणि मला वाटत होतं ती माहेरी पत्रं लिहिते! मला कोणी एकदा वजन चुकलं म्हटलं तर मी तीन बाजार त्याच्याशी बोलत नाही. शेवटी ताईंनी सांगितलेल्या नागपूरच्या प्रकाशकांचं पत्र आलं. होकार! सुनंदा पत्र घेऊन अंगणात गेली आणि कोंबड्यांना दुसऱ्यांदा दाणे टाकून आली.

प्रकाशनाचा कार्यक्रम अहेरीतच झाला. मी मुद्दाम समोरच्याला आमंत्रण दिलं, पहिल्या रांगेत बसवलं. त्याची फजिती मला जवळून पाहायची होती! सुनंदा माइकपुढे उभी राहिली आणि वाचू लागली. व्यापारी सुनेची तारीफ करतो. सभा हसली. व्यापारी दाणा दातात फोडतो, घरी मयत झाल्यासारखं तोंड करतो. सभा खो खो हसली, आणि सगळ्या माना वळल्या... माझ्याकडे! मागून एक म्हातारी बाई ओरडली, "हा तं आपला भाऊ हाय ना वं!" समोरचा तर हसून हसून खुर्चीवरून घसरला. (त्याला आमंत्रण मी दिलं होतं. घरी जाऊन.)

कार्यक्रम संपल्यावर मी सुनंदाला गाठलं. "तू म्हने समोरचा हाय त्याच्यात!"

"मी कुठी म्हटलं? समोरचा तुमीच म्हणत होते."

मी मंदाताईंकडे वळलो. "ताई, तुमाले मालूम होतं?"

"भाऊ, तुमी दाना फोडून दाखवला तवाच समजलं. असं तोंड ऐकीव नसते."

त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. पुस्तक उचललं आणि जन्मात पहिल्यांदा एक कादंबरी वाचायला बसलो, चुका काढायला. एक चूक सापडली नाही. शेवटच्या प्रकरणात म्हातारी बाजारात येते. व्यापारी पोत्याला टेकून बसलेला, मान खाली, नजर तराजूकडे. ती भाव सांगते. तो चूप. ती भाव उतरवते. तो चूप. ती आणखी उतरवते, मग चिडते, मग त्याच्या खांद्याला हात लावते आणि तिला कळतं की तो केव्हाचाच गेला आहे. ती कोणाला हाक मारत नाही. त्याच्याच मिठाच्या पोत्यातून मूठभर मीठ घेते, त्याच्या थंड मुठीत ठेवते, आणि चारोळी तिथंच सोडून पायी गावाला जाते.

मी रडलो. गोदामात जाऊन रडलो, कारण घरात तोंड फुगवून बसायचं ठरलं होतं. एवढं खरं मला कोणी पाहिलं नव्हतं. बायको इतकी मोठी लेखिका आहे, हे कळायला मला मरावं लागलं!

आता बाजारात बाया पुस्तकातली वाक्यं मलाच ऐकवतात. मी चूप बसलो की म्हणतात, "भाऊ, जिवंत हायेस ना रे?" आणि भाव चढवतात! धंद्याची सगळ्यात मोठी कला गेली. तेही मी सोसलं. पण परवा सुनंदा नवी वही घेऊन बसली. मी सहज जवळ जाऊन, दाढी वगैरे करून, विचारलं, "दुसरी कादंबरी का? व्यापारी काय करून राह्यला ह्याच्यात?"

मान वर न करता ती म्हणाली, "ह्याच्यात व्यापारी नाई. शाळामास्तर हाय."

शाळामास्तर! मी तिला दोन दिवस माझी आयुष्यभराची कला सांगितली, चार पानं वाचवली, फुकटात जीव दिला, आणि दुसऱ्या पुस्तकात एका ओळीचीही जागा नाही? मंदाताईंना फोन केला तर त्या म्हणतात, "भाऊ, मेलेला मानूस पुढच्या कादंबरीत कसा येईल?" हे मला पटत नाही. एवढ्या चालणाऱ्या माणसाला पहिल्याच पुस्तकात मारायचं कोणी ठरवलं, आणि मला जिवंत कोण करणार, याचा जवाब त्या दोघींपैकी एकीनं द्यावा. तोपर्यंत मी चुलीसमोर तिच्या डोळ्यांपुढेच बसून आहे, दातात चारोळीचा एकेक दाणा फोडत. तिनं एकदा तरी वर पाहावं!