सामानाजवळ कोण बसणार?

आमच्या घरात सहल ठरायला लागली की पहिला प्रश्न ‘कुठं जायचं’ हा नसतो. ‘सामानाजवळ कोण बसणार’ हा असतो. जीप नंतर ठरते, हा माणूस आधी. आणि तो ठरवायला फारसा वेळ लागत नाही, कारण तो बाईमाणूस असणार एवढं तर कुणी न बोलताच ठरलेलं असतं.

लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा हे खातं सासूबाईंकडं होतं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. सासरचं मूळ गाव माढ्याकडचं. आता सगळे शहरात राहतात, पण देवदर्शनाची पद्धत गावाकडचीच. वर्षातून एकदा जीप करायची आणि तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर एका दिवसात उरकायचं. देवळापाशी पोचलं की माझे थोरले दीर, म्हणजे आमचे भावजी, चपला काढून आत्यांच्या पुढ्यात ठेवत. त्यांच्या मागोमाग सगळ्यांच्या चपला, पिशव्या, पाण्याचा कॅन. मग भावजी त्या ढिगाकडं बघत म्हणत, “तुमी बसा हां हितं. आमी दर्शन घिऊन आलोच.”

हे ‘आलोच’ लई लांबलचक असायचं. आधी रांग, मग प्रसाद, मग फोटो, मग कुणीतरी गावाकडचं भेटायचं. सगळे परत येईपर्यंत उशीर झालेला असे आणि पुढचा देव ताटकळलेला असे. “आईचं फुडच्या येळंला,” असं म्हणून जीप सुरू व्हायची. आत्या खिडकीतून कळसाला हात जोडायच्या.

आत्यांचे गुडघे गेले आणि बढती मला मिळाली. त्या जीपमध्ये बसणार, मी चपलांपाशी. “आईला तुझी सोबत होईल,” नवरा म्हणाला, जणू साडीच घेतोय मला. तेव्हापासून तिन्ही गावांतल्या पार्किंगची मला खडान्‌खडा माहिती आहे. सावली कुठल्या वेळी कुठल्या बाजूला सरकते, कुठला टपरीवाला बादली धुऊन पाणी नेमकं चपलांवर ओततो, सगळं तोंडपाठ. देव दिसायला कसा आहे ते मात्र मला विचारू नका. नोकरी माझी बँकेत. आठवडाभर लोकांचं सांभाळायचं आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांचं.

भावजी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून रिटायर झाले. जन्मभर दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या, आता लिहायला कुणी उरलं नाही, म्हणून घरातली माणसं धरली. त्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर क्रूझचा व्हिडिओ पाठवला. कोचीहून जहाज निघणार, लक्षद्वीपच्या एका बेटाजवळ थांबणार, दिवसभर बेटावर गाईडबरोबर फिरायचं आणि संध्याकाळी परत जहाजावर. भावजींच्या डोक्यात खूळ शिरलं ते शिरलंच.

खोटं कशाला बोलू, मलाही ते हवं होतं. आम्ही सोलापूरची माणसं, आमच्याकडं नळाचं पाणीसुद्धा पाळी लावून येतं. समुद्र मी एकदाच पाहिलेला, मुंबईत एका लग्नाला गेले तेव्हा, टॅक्सीच्या काचेतून. मला समुद्रात उतरायचं होतं. पाय बुडवून फोटो काढण्यापुरतं नाही, चांगलं कमरेएवढं. आणि त्या वेळी माझ्या हातात कुणाची पिशवी असता कामा नये, एवढीच माझी अट. पन्नाशी उलटलेल्या बाईनं याहून जास्त काही मागितलंही नसतं.

बेटावरच्या त्या एका दिवसाचं नियोजन गच्चीवर सुरू झालं. ऊन उतरलं की खुर्च्या मांडायच्या, जाऊबाई भाजलेल्या शेंगा आणायच्या, भावजी चष्मा लावून बसायचे. क्रूझवाल्यांनी बेटावर करायच्या चार गोष्टी दिल्या होत्या: दीपगृह, गावातून फेरफटका, काचेच्या तळाची होडी आणि समुद्रस्नान. यातली एक निवडा, असं लिहिलं होतं. भावजींनी ते नीट वाचलं आणि चारही घेतल्या.

“एवढ्या लांब जाऊन एकच बगून यायला आपण काय येडे हाय का?” ते म्हणाले.

मग त्यांनी बेटाचा नकाशा छापून आणला. मोठा कागद, सगळा निळा, आणि मधोमध शेंगेएवढं बेट. त्या शेंगेवर त्यांनी लाल पेनानं रस्ता आखला, अगदी तुळजापूरहून निघून अक्कलकोटला जेवायला थांबावं तसा. दीपगृहाला सकाळी, म्हणजे गर्दी नसते. गावातला फेरफटका चहानंतर. दुपारी ऊन असणार म्हणून होडी लवकर. शेवटी समुद्रस्नान, वेळ उरला तर. ‘वेळ उरला तर’ मी बरोबर ऐकलं, पण शेंगा सोलत राहिले.

क्रूझवाल्यांनी गाईडचा नंबर दिला होता. भावजींनी स्पीकर लावून त्याला फोन केला. त्यांचं हिंदी कारखान्याच्या गेटवर तयार झालेलं.

“पार्किंग किदर है?”

“पार्किंग नहीं है, सर.”

“तो गाडी किदर लगाते लोगां?”

“गाड़ी की ज़रूरत नहीं पड़ती, सर.”

“अच्छा. एक पॉइंट से दूसरा पॉइंट कितना दूर पडता?”

मग गाईड म्हणाला, “सर, दिखता है.”

भावजींनी फोन ठेवला आणि आमच्याकडं बघून म्हणाले, “नवशिका दिसतोय.” माझ्या नवऱ्यानं मान हलवली. थोरल्या भावाच्या बोलण्यावर मान हलवणं हा त्याचा जन्मजात व्यायाम आहे, डॉक्टरसुद्धा त्याच्या मानेचं कौतुक करतात.

आणि मग तो प्रश्न आलाच. “आता सामानाजवळ कोण बसणार?”

“कुठल्या सामानाजवळ?” मी विचारलं. “सामान जहाजात राहणार. खोली आपली, खोलीला कुलूप.”

“कुलूप हाय की. पण मानूस असल्यालं बरं.”

“चोर काय पोहत येणार आहे का, भावजी?”

“आई तशी बी चालनार न्हाय,” ते नवऱ्याकडं वळून म्हणाले. “ती जहाजावर बसंल. तिला फकस्त सोबत पायजे.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. जाऊबाई बघत नव्हत्या. त्यांना एकाएकी शेंगांत खडे दिसायला लागले होते. आत्या कोपऱ्यात बसलेल्या. त्या म्हणाल्या, “माजं काय, मी कुटं बी बसते.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सांगितलं, मी बेटावर उतरणार, आत्याही उतरणार, आणि आम्हा दोघींना जहाजात ठेवायचं असेल तर तिकिटं रद्द करा, आम्ही इथं गच्चीवर बसून तुमच्या चपला सांभाळतो. नवरा म्हणाला, “अगं, जरा समजून घे.” मी म्हटलं, मी समजूनच घेतलंय म्हणून बोलतेय. त्या दिवशी शेंगा उरल्या.

भावजींनी चार दिवस विचार केला. मग मोठ्या मनानं निर्णय दिला. “ठीक हाय. समदेच उतरू. कुनालाच मागं ठेवायचं न्हाय.” मला भरून आलं. पुढं ते म्हणाले, “मग सामान बी बरोबर घिऊ.”

हे ऐकून दुसऱ्या कुठल्या घरात माणसं हसली असती. आमच्या घरात बॅग शोधायला लागली. सामान एकटं ठेवायचं नाही, म्हणजे नाही. माणूस सामानापाशी राहत नसेल तर सामान माणसापाशी राहील, इतकं सरळ.

ती बॅग चाकांची होती, पण वाळूत चाकं काय करणार? तिच्यात दोघी जावांचे दागिने, जे खारं पाणी लागू नये म्हणून काढून ठेवले होते आणि त्यासाठीच समुद्रावर आणले होते. सगळ्यांची आधार कार्डं, औषधं, टॉवेल, कपड्यांचे जोड. आणि कडक भाकरीची चळत, शेंगाचटणीचा डबा. दुपारचं जेवण तिकिटात होतं. “त्येंच्या जेवणाचा काय भरवसा,” असं भावजींचं मत.

बेटाच्या अलीकडं जहाज थांबलं आणि लहान होडीत उतरायचं आलं. आत्यांना दोन खलाशांनी दोन्ही दंडांना धरून अलगद खाली बसवलं. बॅगेला जास्त वेळ लागला. धक्क्यावर गाईड उभा होता, टोपी घातलेला किडकिडीत माणूस. त्यानं आधी बॅग बघितली, मग आम्हाला बघितलं.

“आप लोग यहाँ रुकने वाले हैं?” त्यानं विचारलं.

“नहीं, शाम को जाने का,” भावजी म्हणाले. गाईडनं पुन्हा एकदा बॅगेकडं बघितलं.

भावजींनी लाल रस्त्याचा नकाशा त्याच्या हातात दिला. त्यानं तो आदरानं घडी करून खिशात ठेवला आणि चालायला लागला. दीपगृह झालं. तिथून वरून खाली बघितलं तर गाव, होड्या, धक्का आणि आमचं जहाज, सगळं एका नजरेत. फोनवर तो ‘दिखता है’ म्हणाला होता ते खोटं नव्हतं. आत्या खाली बॅगेपाशी थांबल्या होत्या, पायऱ्या चढायच्या नव्हत्याच त्यांना, त्यामुळं तिथं माझ्यावर वेळ आली नाही. गाव झालं. काचेच्या तळाची होडी झाली. तिच्यातही बॅग आमच्या मध्ये बसली आणि तळातले मासे बॅगेच्या कडेकडेनं बघावे लागले. जेवणाची वेळ व्हायच्या आधीच भावजींचा दिवस संपला.

“हो गया, सर,” गाईड म्हणाला.

“हो गया म्हणजे? और क्या है?”

“और पानी है, सर.”

गाणगापूरला दार बंद मिळावं तसा भावजींचा चेहरा झाला. पुढच्या देवाला उशीर होत नाही, अशी सहल त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. मी मात्र त्या पाण्याकडं बघत होते. प्रवाळाच्या कड्यानं अडवलेलं पाणी होतं, लाटा जवळजवळ नाहीत, हिरवट आणि इतकं स्वच्छ की आतली वाळू दिसत होती. माझा जीव तिकडं ओढ घेत होता.

तेवढ्यात जाऊबाईंनी चपला काढून माझ्यापुढं ठेवल्या. “बघ गं जरा.” नवऱ्यानं पाकीट, चष्मा आणि घड्याळ दिलं, फोन मात्र फोटोसाठी ठेवून घेतला. भावजींनी आपल्या चपला बॅगेला टेकवून नीट उभ्या केल्या आणि त्या ढिगाकडं बघत म्हणाले, “तुमी बसा हां. आमी आलोच.”

आणि मी बसले. हे लिहिताना अजून अंगाचा तिळपापड होतो. गच्चीवर एवढं भांडले, समुद्रापर्यंत आले, आणि ढीग समोर पडल्याबरोबर माझे पाय आपोआप मुडपले. गाईड म्हणाला, “मैडम, यहाँ कोई कुछ नहीं लेता.” मी म्हटलं, माहितेय हो. तो चहा प्यायला निघून गेला.

शेजारी आत्या बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “जा तू. मी बसते. मला सवय हाय.”

मी उठले. साडी नव्हती, पंजाबी ड्रेस होता, तो घालूनच आत गेले. गुडघे, मांड्या, कंबर. पाणी कोमट होतं. दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून पाण्यावर नुसते ठेवले. फार फार बरं वाटलं. एवढं की मला ते आत्यांना दाखवावंसं वाटलं आणि हात हलवायला मी मागं वळले.

आत्यांची पाठ दिसली. एवढा समुद्र मागं सोडून त्या बॅगेकडं तोंड करून बसल्या होत्या, एक हात चेनवर. सामान सांभाळणारा माणूस सामानाकडं बघतो. मीही असंच बसते. देवळाकडं पाठ करून या बाईनं किती वर्षं काढली, ते मला त्या पाण्यात उभं राहून कळलं आणि पाणी बरं वाटेनासं झालं.

मी बाहेर आले. भावजी पॅन्ट दुमडून पोटऱ्यांएवढ्या पाण्यात उभे होते आणि नवरा त्यांचे फोटो काढत होता. “भावजी, लवकर बाहेर या,” मी हाक मारली. ते धावत आले, पाणी उडवत.

“काय गेलं? काय गेलं?”

“काही गेलं नाही. बसा.”

ते इतके घाबरले होते की खरंच बसले. मी आत्यांचा हात चेनवरून काढला, भावजींचा ठेवला. हात पुसून ओला झालेला टॉवेल त्यांच्या मांडीवर दिला.

“तुम्ही बसा हां,” मी म्हटलं. “आम्ही दर्शन घेऊन आलोच.”

आत्या म्हणाल्या, “अगं, त्येला कसं बसवायचं? थोरला हाय.” मी म्हटलं, उठा. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण त्या उठल्या. वाळूत मी त्यांना जवळजवळ कवेत घेऊनच चालवलं. पाण्याच्या कडेला त्यांनी लुगड्याचा ओचा वर खोवला, वाकता येईना म्हणून मी ओंजळ भरून वर दिली. त्यांनी ते पाणी आधी डोळ्यांना लावलं, मग जिभेला.

“लई खारट हाय की,” त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या.

पाणी त्यांच्या गुडघ्यांच्या वर आलं तेव्हा मी मागं बघितलं. भावजी बॅगेकडं तोंड करून बसले होते, हात चेनवर.

आत्यांनीही बघितलं. “चल, जाऊ मागं,” त्या म्हणाल्या. “वाट बगत आसंल तो.”

“आलोच म्हटलंय की त्यांना,” मी म्हटलं, आणि आम्ही अजून थोडं आत गेलो.