बाबाचं बीपी एकशेवीस-ऐंशी

गेटवर बसणाऱ्याले किस्से शोधत फिरावं लागत नाही. आपली खुर्ची तिथंच राहते, लोक येतात-जातात आन मागं काही ना काही टाकून जातात. छत्री विसरली तर वापस येऊन नेतात. किस्सा मात्र कोणी वापस नेत नाही!

मी शाळेत गेलो नाही. अक्षरं मोठेपणी जुळवली, म्हणून हळूहळू लिहितो. बूढापारा मोहल्ल्यात नर्सिंग असिस्टंटचा एक क्लास आहे, त्याच्या गेटवर मी बसतो.

*

क्लासमध्ये प्लॅस्टिकचा एक पुतळा होता. क्लासच्या पोट्ट्या त्याच्यावरच पेशंट समजून शिकत. एक दिवस कूस बदलता बदलता त्याचा हातच खांद्यातून निघून आला. पोट्टी तो हात धरून तशीच उभी!

शिकवणाऱ्या मॅडमले सगळे दीदी म्हणतात. दीदी गेटवर आली.

"बाबा, काय करून राहिले?"

"बसून राहिलो."

"मग झोपा!"

त्या दिवसापासून मी पेशंट.

*

पुतळ्यात आन माझ्यात फरक एवढाच, का मले गुदगुल्या होतात. ओल्या कपड्यानं अंग पुसणं चालू होतं. कपडा काखेत आला आन मी हसून हसून पलंगाखाली जातो का काय असं झालं.

"बाबा, तुमी सीरियस आहा!" दीदी ओरडली.

"हो ना दीदी, पण कपडा थंडा आहे!"

*

पेशंटले न उठवता त्याच्या खालची चादर बदलतात, हे मले इथंच कळलं. अर्धी चादर गुंडाळायची, पेशंटले कुशीवर घ्यायचं, दुसऱ्या बाजूनं ओढायची. चार-पाच दिवसांत मले सगळं पाठ. पोट्टीनं चादरीले हात लावला का मी आपसूक वळे. तेवढीच मदत!

"बाबा, तुमी बेशुद्ध आहा!"

मी पडल्या पडल्या हात जोडले. "माफ करा दीदी, ध्यानात नाही राहिलं."

*

सगळ्यांत कल्पना वयानं मोठी. भनपुरीहून दोन ऑटो बदलून येई. नवरा ट्रक चालवत होता, कमरेच्या दुखण्यानं घरी बसला. ही परीक्षेत एकदा फेल झालेली. एका हॉस्पिटलवाल्यानं सांगितलं होतं, सर्टिफिकेट आणा आन कामावर या. यंदा नाही झालं तर ती जागा दुसरीले जाणार.

तिची एक आदत होती. साबणानं हात धुवून पलंगापाशी आली का पहिले माझ्या पाया पडे. म्हाताऱ्या माणसाच्या अंगाले एकदम कसा हात लावायचा?

"कल्पना, पायाले हात लावला!" दीदी ओरडली. "परत धुवा!"

ती धुवून आली. परत पाया पडली.

"परत धुवा!"

तिसऱ्या वेळी मीच पाय चादरीत लपवले.

*

बीपीची गंमत निराळी. पहिल्याच दिवशी दीदीनं फळ्यावर लिहिलं, नॉर्मल म्हणजे एकशेवीस-ऐंशी. पोट्ट्यांनी तेच उत्तर धरलं. एकीनं तर दंडाले पट्टा बांधायच्या आधीच वहीत लिहून टाकलं!

"अगं, मोज तरी!" मी म्हटलं.

"बाबा, तुमचं बीपी तो याद है हमको!"

कल्पना मात्र कानाले नळी लावून कितीक वेळ बसे. मग काहीतरी लिही, बाकीच्यांच्या वह्या पाही आन खोडून एकशेवीस-ऐंशी करे.

"बाबा, माझ्याच कानात काही खराबी आहे का?"

माझं डोस्कं सकाळपासून जड राहे, ते मी उन्हाच्या खात्यात टाकलेलं.

*

परीक्षेले बाहेरून सर आले. दीदीनं मले बजावलं, "बाबा, आज तोंड उघडायचं नाही. बेशुद्ध!"

सहा जणी झाल्या. सहाही जणींचं एकशेवीस-ऐंशी. सर खूश.

शेवटी कल्पना. हात धुवून आली. पायाकडं वाकली, थबकली, आन सरळ दंडाकडं आली. पट्टा बांधला, फुगा दाबला, ऐकत राहिली.

"सर, एकशे सत्तर, शंभर."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "छह लोगों का एक आया, आपका अलग? फिर से लो।"

तिनं परत घेतलं. मले वाटे म्हणावं, बाई, बाकीच्यांनी लिहिलं तेच लिही ना, मोकळी हो! पण मी बेशुद्ध.

"वही है सर."

"फेल हो जाओगी।"

"हव सर. पर इतना ही है."

सरांनी नळी स्वतःच्या कानाले लावली. एकदा मोजलं. दुसऱ्या दंडाले बांधून परत मोजलं. मग त्या सहा जणींचे कागद दीदीकडून वापस मागितले, आन कल्पनाच्या कागदावर पास लिहून सही केली.

खुर्ची ओढून माझ्यापाशी बसले. आवाज एकदम नरम.

"दादा, बीपी की गोली कब से नहीं ली?"

मी एक डोळा उघडून दीदीकडं पाहिलं. तिनं मान हलवली, बोला.

"साहेब, मी कुठला पेशंट? मी तं गेटवर बसतो!"