शंभर ओव्यांचा तास

ओढा ओलांडला तेव्हा गौराबाईच्या चाळीस ओव्या झाल्या होत्या. मारुतीच्या पारापाशी ऐंशी व्हायच्या आणि सव्वाशेव्या ओवीला कळंबची गिरणी यायची. घरापासूनची सगळी वाट तिनं अशी मोजून ठेवली होती. सत्यभामेलाही ते पाठ झालं होतं. ती कळंबच्या मुलींच्या शाळेत शिकवायची, आणि रोज सकाळी ही दोन कोसांची वाट दोघी बरोबरच चालायच्या.

गौराबाईचा जन्म जात्यावर गेलेला. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती लोकांची दळणं दळू लागली. गावात घड्याळ कुणाकडंच नव्हतं, पण हिचा दिवस कधी चुकला नाही. पहिली ओवी येरमाळ्याच्या येडाई देवीची. मग पाटलाकडचं दळण पन्नास ओव्यांचं, गुरवाचं तीस, त्यानंतर शेणपाणी, भाकऱ्या, आणि उन्हं वर यायच्या आत रानात. दुसऱ्या बायका दुपारपर्यंत दळण आवरत बसलेल्या असायच्या. कुणी मधेच गप्पा मारायला आली, की ही म्हणायची, "बोलायचं असंल तर आदी खुंट्याला हात लाव. ओवी तुटली की येळ सांडतो, बाई." गावातल्या सुनांना सासवा सांगायच्या, येळ कसा राखावा ते गौराबाईकडं बघून शिका.

मग कळंबला महालिंगप्पांनी इंजिनाची गिरणी घातली. दळणं तिकडं गेली, तशी मागोमाग गौराबाईही गेली, कामाला. पीठ नुसतं चिमटीत धरून ती दगडाची चूक सांगायची, म्हणून मालकांनी तिला ठेवून घेतलं. नियम एकच सांगितला. तास भरला की इंजिनवाल्याला हात करून इंजिन थांबवायचं आणि दगड निवू द्यायचा.

"घड्याळ कळतं न्हवं?" मालकांनी विचारलं होतं.

"व्हय," गौराबाई म्हणाली होती.

आज सत्यभामेला निघायला उशीर झाला होता. ती भराभर पाय उचलत होती आणि गौराबाई तिच्या मागं.

"मावशी, आज तुमची ओवी पळायली की!"

"तू पळायलीस म्हणून पळायली. मास्तरीण असून इतकं कळंना?" गौराबाई हसली, पण ते हसू टिकलं नाही. ती म्हणाली, "काल मालकांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं. म्हणले, गौराबाई, तुमच्या गावात चाळीस मिंटांचा तास असतो काय? त्यो इंजिनवाला बिराप्पा पोट धरून हसला. म्या घडी घडी दगड थांबवते, म्हणून दळण मागं पडायलं म्हणं. आज मालक सोता म्होरं बसणार हायत. तास भरायच्या आदी हात केला, तर उद्यापासनं घरी."

"पण गिरणीत घड्याळ समोरच आहे ना भिंतीवर?"

पार आला तशी गौराबाई थांबली आणि तिनं मारुतीला हात जोडले.

"देवाच्या दारात खोटं कशाला? मला घड्याळ कळत न्हाय. कामावर जायच्या आदी कळंबच्या कचेरीम्होरं बसून तासाचं टोलं मोजलं हुतं. एका टोल्यापासनं दुसऱ्या टोल्यापतुर शंभर ओव्या. मग गिरणीत मनातल्या मनात तेवढ्याच म्हणते. एक चुकवत न्हाय बघ. तरी तास भरंना कसा?"

सत्यभामेच्या ध्यानात आलं. पंचवीस वर्षं जी बाई गावाला वेळ सांगत आली, तिला हे कसं सांगायचं?

"मावशी, मी भरभर चालले तर तुमची ओवी पळाली. मग इंजिनापाशी ती कुणाच्या चालीनं चालत असंल?"

गौराबाईचा उजवा हात आपसूक हवेत फिरू लागला. जात्याचा खुंटा धरल्यासारखा, संथ. मग त्याच जागी तो भराभर फिरला. तिनं तो पदराखाली घेतला.

"म्हंजी ओवी म्या न्हाय म्हणत," ती म्हणाली. "त्ये इंजिन म्हणायलं."

लांब गिरणीचा पुक् पुक् आवाज सुरू झाला होता. गौराबाई पाराखाली उकिडवी बसली. काटकीनं तिनं धुळीत जात्याएवढं वाटोळं काढलं, मधोमध खुंट्यासारखी एक काडी रोवली आणि वर बघितलं.

"बस इथं. तुला उशीर हुईल, ठावं हाय मला. पर मोठा काटा कुठनं निघून कुठं आला म्हंजी तास भरतो, तेवढंच दाव. बाकीचं मागनं शिकीन. आन् मास्तरीणबाई, एक कर. गावात हे कुणापाशी बोलू नगंस. गौराबाईला येळ कळत न्हाय, असं कुणी म्हणू ने."